ओरखडा

पवईच्या आयआयटीत एमटेकला गेलो, तेव्हा पहिले काही आठवडे मी एकच काम केलं. पोलादाचा सुपारीएवढा तुकडा घासत बसलो. वन-झिरो, टू-झिरो, थ्री-झिरो, फोर-झिरो असे एमरी पेपर, मग मखमल लावलेलं फिरतं चाक आणि त्यावर ॲल्युमिनाचं दुधासारखं पाणी. तुकडा आरशासारखा लख्ख झाला की नायटलमध्ये, म्हणजे अल्कोहोलात दोनेक टक्के नायट्रिक आम्ल घातलेल्या द्रावणात, काही सेकंद बुडवायचा आणि मायक्रोस्कोपखाली ठेवायचा. दर वेळी मला एक लांबलचक ओरखडा दिसे. की पुन्हा वन-झिरो.

शेवटी प्रयोगशाळेतल्या मामांना राहवलं नाही. "अहो, कागद बदलला की तुकडा काटकोनात फिरवा. उभ्या रेघांवर उभंच घासलंत, तर जुनी रेघ गेली की राहिली, कळणार कसं?" पुस्तकात हे होतं. ते पान मी वाचलंही होतं.

मग एका संध्याकाळी पर्लाइट दिसलं. फेराइट (जवळजवळ शुद्ध लोखंड) आणि सिमेंटाइट (लोखंड-कार्बनचं संयुग) यांच्या एकाआड एक पट्ट्या, नांगरलेल्या रानासारख्या. शेफिल्डच्या हेन्री सॉर्बीने १८६०च्या दशकात पोलाद असंच घासून पाहिलं होतं. पट्ट्या इतक्या जवळजवळ की प्रकाश त्यांच्यावर विखरून मोत्याच्या शिंपल्यासारखी झाक येते, म्हणून पर्लाइट हे नाव. मेटलर्जी मी काही आवडीने घेतली नव्हती. कॉम्प्युटरला मार्क पुरले नव्हते, एवढंच. त्या संध्याकाळनंतर मात्र मी ही गोष्ट लोकांना सांगायची बंद केली.

पुढे एका अभियांत्रिकी महाविद्यालयात लागलो आणि तिथूनच निवृत्त झालो. व्याख्याता ते प्राध्यापक या प्रवासात सांगण्यासारखं फार नाही. मुलाखती, पेपर, परत आलेले पेपर. मुलं पोलाद शिकायची आणि सॉफ्टवेअरमध्ये जायची. दरम्यान दारावरची पाटी बदलली, 'मेटलर्जी'च्या शेजारी 'मटेरियल सायन्स' आलं. २००७मध्ये केंद्राचं नॅनो मिशन सुरू झालं, तेव्हा दोनदा नाकारलेल्या माझ्या प्रस्तावाच्या शीर्षकात मी 'नॅनो' घातलं. मंजूर झाला. अगदी खोटंही नव्हतं ते. पर्लाइटच्या पट्ट्या नॅनोमीटरमध्येच मोजायच्या. सॉर्बीच्या वेळीही त्या तेवढ्याच होत्या.

खरी मजा आली ती मोडक्या वस्तूंमध्ये. एकदा उसाच्या ट्रॉल्या बनवणारे एक कारखानदार तुटलेला ॲक्सल गोणपाटात गुंडाळून घेऊन आले. "सर, माल खराब दिलाय. तसं लिहून द्या, म्हणजे पैसे मागता येतील."

तुटलेला भाग तिरक्या उजेडात धरला. ओहोटीनंतर वाळूवर राहतात तशा कमानी, एका ठिकाणाहून पसरत गेलेल्या. म्हणजे ॲक्सल एका झटक्यात तुटला नव्हता. तडा रोज थोडा थोडा सरकत होता. कमानी जिथून निघाल्या, तिथे जुन्या वेल्डिंगचा ठिपका होता. कापून, घासून, काटकोनात फिरवून पाहिलं. माल चांगला होता. पण झिजलेल्या जागी कुणीतरी भर टाकली होती, आणि तीही ॲक्सल आधी न तापवता. आपण कुऱ्हाडीला पाणी देतो ना, लाल करून बुडवतो? तेच इथे पाण्यावाचून झालं होतं. ॲक्सलच्या थंड अंगाने वेल्डिंगची उष्णता इतक्या झपाट्याने ओढून घेतली की कार्बनला बाहेर पडून पट्ट्या करायला सवड मिळाली नाही. तो आतच अडकला आणि पर्लाइटच्या जागी सुयांसारखं मार्टेनसाइट तयार झालं, कडक आणि काचेसारखं ठिसूळ. धारेला ते हवंच असतं, पण पुढे मंद आचेवर थोडं उतरवून घेतलेलं. उसाने भरलेल्या ट्रॉलीखाली नाही.

"वेल्डिंग कुणी केलं?" मी विचारलं.

"आमच्याच माणसाने. हात चांगलाय त्याचा."

"हाताचा दोष नाही. आधी ॲक्सल गरम करून घ्यायचा, नंतर हळू थंड होऊ द्यायचा."

अहवालात फोटोंसह हेच लिहिलं. त्यांनी तो शांतपणे वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि फी किती म्हणून विचारलं. पुढच्या गळीत हंगामात पुन्हा गोणपाट आलं. त्यात दोन ॲक्सल होते, तुटले होते त्याच जागी, आणि भर या वेळी जास्त सुबक घातलेली होती.