दाजिबा इंदूरला आला

आम्ही इंदूरची मराठी मंडळी. घरात मराठी, अंगणात हिंदी. मराठीत बोल म्हटलं की धाकटी तोंड वाकडं करायची. २००२ साली वैशाली सामंतांचं 'ऐका दाजिबा' आलं. संगीत अवधूत गुप्तेंचं; लोकगीताचा ठसका, पॉपचा ठेका. आमच्याकडच्या वरातीत हिंदी शेजारीही त्यावर नाचले! सासूबाईंना तो धांगडधिंगा वाटे. मला नाही खटकला. लावणी तरी कुठे सोवळ्यात वाढली? याच वैशालीताई 'लगान'मध्ये आशाताईंबरोबर गायल्या होत्या. पुढे त्यांची नि आनंद शिंदेंची 'कोंबडी पळाली' ही २०१२च्या 'अग्निपथ'मध्ये 'चिकनी चमेली' होऊन हिंदीत गेली. धाकटीनं तेव्हा विचारलं, "आई, दाजिबा म्हणजे कोण गं?" मोठ्या बहिणीचा नवरा, मी म्हटलं. मग तिनं पुढच्या ओळीचा अर्थ विचारला.