खिडकीच्या आतल्या बाजूला

विद्यापीठाच्या खिडकीसमोर तासभर उभं राहून "नवीन सिस्टीम आलीय, उद्या या" हे तुम्ही कधी ऐकलंय? मी ऐकलंय, आणि आतल्या माणसाला मनातल्या मनात भरपूर शिव्याही घातल्यात. मागच्या वर्षी मात्र मी तशाच एका खिडकीच्या आत जाऊन बसले.

इंग्रजीत बी.ए. करून मी एका सॉफ्टवेअर कंपनीत कंटेंट रायटर झाले. विद्यापीठांसाठीचं सॉफ्टवेअर कसं वापरायचं, त्याची माहितीपुस्तिका लिहिणं हे माझं काम. एका विद्यापीठात आमची सिस्टीम सुरू झाली. व्हिडिओ कॉलवर दोनदा ट्रेनिंग झालं. शेवटी "काही शंका?" विचारलं, तर सगळे गप्प. आम्हाला वाटलं, झकास! महिनाभरात तक्रारींचा ढीग लागला, तेव्हा खर्चाची कुरकुर करत कंपनीने मला आणि एका सहकाऱ्याला चार दिवस तिकडे पाठवलं.

परीक्षा विभागात एक भाऊसाहेब होते, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेले. पहिल्या दिवशी ते माझ्याशी धड बोललेही नाहीत. दुसऱ्या दिवशी चहा पिता पिता हळूच म्हणाले, "ताई, एक विचारू का? हसू नका. ड्राफ्टमध्ये ठेवलं म्हणजे जमा झालं ना?"

हसू कुठलं, माझ्या पोटात गोळा आला. रात्री आठ-आठपर्यंत बसून त्यांनी भरलेले फॉर्म पुढे गेलेच नव्हते. कॉलवर कुलसचिव आणि हाताखालची पोरं असताना हे कोण विचारणार? तुम्ही विचारलं असतंत?

मग नावांचा घोळ निघाला. महाराष्ट्रात गुणपत्रिकेवर बहुतेकदा आधी आडनाव, मग स्वतःचं, वडिलांचं आणि आईचं नाव असतं. आमच्या स्क्रीनवर पहिला रकाना 'फर्स्ट नेम'. भाऊसाहेबांनी तिथे आडनावं भरली. चूक त्यांची म्हणाल, तर पुस्तिकेत मीच लिहिलं होतं, 'नाव गुणपत्रिकेप्रमाणे भरा'. आता हे नाव आधारवरच्या नावाशी जुळलं नाही, तर अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये मुलांचे क्रेडिट अडकू शकतात.

2017 साली मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिका कॉम्प्युटरवर तपासायला घेतल्या आणि निकाल काही महिने रखडले, हे अनेकांना आठवत असेल. पुरेसं ट्रेनिंग मिळालं नाही, अशी तक्रार तेव्हाही झाली होती. त्या ऑक्टोबरात कुलगुरूंना पदावरून जावं लागलं.

आमच्या खिडकीवर एक मुलगी तीनदा येऊन गेली होती. तिला दुसऱ्या राज्यात एम.ए.ला प्रवेश मिळाला होता आणि मायग्रेशन सर्टिफिकेट द्यायला तीनच दिवस उरले होते. तिचा अर्ज ड्राफ्टच्या त्याच ढिगात सापडला. भाऊसाहेबांनी स्वतः नाव दुरुस्त केलं, 'सबमिट' दाबलं आणि हिरवी खूण येईपर्यंत श्वास रोखून बसले. संध्याकाळी ती सर्टिफिकेट घेऊन गेली. आमच्याकडे बघितलंही नाही, घाईत होती बिचारी.

परत आल्यावर पुस्तिकेतलं ते पान मी बदललं. ड्राफ्ट आणि सबमिट यांतला फरक आता पहिल्याच पानावर आहे, भाऊसाहेबांच्या शब्दांत: 'लिहून ठेवलेलं' आणि 'पाठवलेलं'. पुढच्या महिन्यात दुसऱ्या विद्यापीठाचं काम आहे. साहेबांनी विचारलं, "ऑनलाइन भागेल ना?" मी बसचं तिकीट आधीच काढून ठेवलं होतं.