चकचकीत रंगाच्या खाली

बैलांच्या बाजारात शेतकरी नुसत्या रंगाला भुलत नाही. तो जनावराचे दात पाहतो, खूर उचलून पाहतो, चार पावले चालवून पाहतो, आणि मगच रुमालाखाली बोटे धरून सौदा करतो. तोच मनुष्य जुनी स्पोर्ट्स मोटार घ्यावयास निघाला की हे सारे शहाणपण घरी ठेवून जातो. मोटार तांबडी आहे, तिचे क्रोमियम लखलखते आहे, एवढे त्याला पुरेसे होते.

माझा एक भाचा इंग्लंडमधील स्विंडन येथे नोकरीस आहे. गोव्याकडील पुष्कळ ख्रिस्ती कुटुंबे तेथे स्थायिक झालेली आहेत. काही वर्षांपूर्वी मी त्याच्याकडे राहावयास गेलो असता त्याच्या मनाने एमजीबी नावाची जुनी उघडी मोटार घेण्याचे घेतले होते. पैसा होता तो घरासाठी साठविलेला. सूनबाईंनी स्पष्ट विरोध केला नाही; एकच अट घातली, “फादरमामा पाहून हो म्हणाले तरच.” माझ्या वडिलांचे मोटार दुरुस्तीचे गॅरेज होते आणि सेमिनरीत जाईपर्यंतच्या माझ्या साऱ्या सुट्ट्या तेथेच गेल्या, हे तिला ठाऊक होते.

एमजीबी ही मोटार ॲबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ पासून १९८० पर्यंत तयार होत असे. पाच लाखांहून अधिक मोटारी तेथून बाहेर पडल्या. उघड्या प्रकारच्या मोटारीचे पत्र्याचे कवच स्विंडनमध्येच घडत असल्यामुळे भाच्याला ती आपल्या गावची लेक वाटे. मोटार लोकप्रिय असल्याने तिचे सुटे भाग आजही सहज मिळतात. १७९८ सीसीचे तिचे साधे इंजिन कोणीही जाणता कारागीर उतरवून नीट करू शकतो. मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. या मोटारीला निराळी चौकट नाही. पत्र्याचे कवच हाच तिचा कणा. पत्रा कुजला की कणाच गेला. १९८८ पासून जुन्या साच्यांवर नवी कवचे तयार होऊ लागली खरी, पण संपूर्ण कवच बदलण्याचा खर्च पुष्कळदा मोटारीच्या किमतीहून अधिक होतो. म्हणून प्रथम पत्रा, नंतर इंजिन, हा क्रम कधी मोडू नये.

आम्ही पाहिलेली पहिली मोटार फार देखणी होती. दाराखालचे लांब उंबरठे हा या मोटारीचा सर्वांत नाजूक भाग. उघड्या मोटारीला छताचा आधार नसल्याने सारा भार त्यांवर पडतो. मी एक साधे लोहचुंबक मऊ कापडात गुंडाळून उंबरठ्यावरून फिरविले. दोन ठिकाणी ते चिकटेना. म्हणजे तेथे पत्रा नव्हता, रंगाखाली लांबी भरलेली होती. मग दाराच्या फटी पाहिल्या. फट वरपासून खालपर्यंत सारखी असावी; येथे ती वरच्या बाजूस मिटत आली होती. मोटार मधोमध वाकू लागल्याची ही खूण. मालकाच्या परवानगीने उंबरठ्यातील नेहमीच्या जागी जॅक लावला, तेव्हा आतून करकर आवाज आला आणि दार अडकले. भाचा हळूच म्हणाला, “पण फादरमामा, रंग किती सुंदर आहे!” मी म्हटले, “रंग सुंदर आहे, म्हणूनच तो नुकताच दिलेला आहे.” आम्ही आभार मानून निघालो.

उंबरठ्यांप्रमाणेच सतरंजी उचलून तळ पाहावा, आसनांमागील बॅटरीची जागा पाहावी, मागील पाटे जेथे बसतात तो भाग आणि पुढील मडगार्डांची मागची कड पाहावी. तळाला ताजे काळे डांबर फासलेले दिसल्यास अधिक बारकाईने पाहावे. केवळ जॅकच्या आधारावर उभ्या मोटारीखाली मात्र कोणी शिरू नये.

पत्रा टिकाऊ ठरला म्हणजे इंजिनाकडे वळावे. जाण्यापूर्वी मालकास इंजिन थंड ठेवावयास सांगावे. तापलेले इंजिन आपले दोष झाकते. सुरू होताना साखळीचा खडखडाट, उतारावर पाय काढून पुन्हा दाबताच सायलेन्सरातून निळा धूर, तेलाच्या झाकणाखाली दुधाळ साय, या तिन्ही गोष्टी खर्च सांगतात. गरम इंजिनावर, वेगात, तेलाचा दाब प्रत्येक चौरस इंचास ५० पौंडांच्या आसपास असावा. दुसऱ्या गिअरमध्ये किरकिर ऐकावी. १९६७ पूर्वीच्या मोटारीत पहिला गिअर थांबल्यावरच घालावा लागतो, तो दोष नव्हे. तारांची चाके असल्यास प्रत्येक तार बोटाने टिचकी मारून वाजवावी. सैल तार बद्द वाजते. पुढचे चाक उचलून वरखाली हलवावे, म्हणजे किंगपिनची झीज कळते. इंधनाच्या जुन्या रबरी नळ्याही तपासाव्या. १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेले पेट्रोल २०२१ पासून ब्रिटनमध्ये सर्वसाधारण झाले आहे, आणि ते जुन्या रबराला मानवत नाही.

शेवटी कागद. नोंदणीपत्रावरील क्रमांक मोटारीवरील क्रमांकाशी जुळवावा. मूळ रंग कोणता आणि मोटार कोणत्या देशासाठी बनली, हे गेडन येथील मोटार संग्रहालयाच्या दाखल्यावरून कळते. तेथे ४० वर्षांवरील मोटारींना मोठे फेरफार झालेले नसल्यास २०१८ पासून वार्षिक तपासणीची सक्ती नाही. त्यामुळे दाखला नसणे हा गुन्हा नव्हे, पण ती रस्त्यावर चालते म्हणजे कोणी तपासलीच असेल, असेही समजू नये. आपण होऊन तपासणी करवून घेतलेला मालक मला अधिक विश्वासाचा वाटतो.

वाचकहो, यातील एकही परीक्षा अवघड नाही. अवघड असते ते मन मोटारीवर जडल्यानंतर चुंबक खिशातून बाहेर काढणे. म्हणून ज्याचे मन जडलेले नाही असा एक मनुष्य बरोबर न्यावा, आणि त्याचे ऐकण्याची तयारी घरूनच करून निघावे.

चार महिन्यांनी भाच्याने १९७१ सालची एक हिरवी मोटार घेतली. रंग उडालेला, आसने फाटलेली. पण उंबरठ्यावर चुंबक जेथे ठेवावे तेथे चिकटे. ती पहिलीपेक्षा बरीच स्वस्त पडली, आणि उरलेले पैसे सूनबाईंनी पुन्हा घराच्या खात्यात भरले. किंगपिनला ग्रीस तो स्वतःच देतो. आसने पुढील वर्षी होतील, असे त्याने कळविले आहे.