पडीक खाचरातलं प्राचीन कोकण

गणपतीपुळ्याचं ‘प्राचीन कोकण’ बघायला आमच्या वाडीतल्या आबांना घेऊन गेले, तेव्हा घरी एक काम अर्धं होऊन पडलं होतं. वडिलांच्या वाट्याची खाचरं कित्येक वर्षं पडीक होती. रानमोडी माणसाच्या उंचीची झालेली, बांध जागोजागी ढासळलेले. ती साफ करून पुन्हा भात लावायचं मी ठरवलं होतं, आणि सुक्या दगडाचा बांध नीट रचणारं माणूस वाडीत एकच उरलं होतं, ते म्हणजे आबा.

पाचशे वर्षांपूर्वीचं कोकणातलं गाव तिथे उतारावर, झाडीत उभं केलं आहे. गवताने शाकारलेली घरं, आपापल्या कामात गुंतलेले बलुतेदारांचे पूर्णाकृती पुतळे, खोताचं घर. मला ती जागा मनापासून आवडते. ज्या मुलांनी नांगर पाहिलेला नाही, त्यांच्या समोर तो येतो. आबा सगळं बारकाईने बघत होते. खोताच्या घरापाशी मात्र थांबले आणि म्हणाले, “बाय, माझ्या आज्याने असल्याच खळ्यात भात मोजून घातलान.”

ते ऐकल्यावर मला त्या घराची पुढची गोष्ट सांगावीशी वाटली. जमीन कसणारं कूळ आणि भात वसूल करणारा खोत ही व्यवस्था मोडावी म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधिमंडळात विधेयक मांडलं. १० जानेवारी १९३८ रोजी कोकणातले हजारो शेतकरी मुंबईत मोर्चा घेऊन विधिमंडळावर गेले. खोती कायद्याने गेली ती स्वातंत्र्यानंतर, १९४९ च्या कायद्याने. आज आपण ज्याला कोकणचं सुंदर दृश्य म्हणतो, ती डोंगरउतारावरची हिरवी पायरी न् पायरी या कुळांच्या हातांनी घडलेली आहे. त्यांची नावं कुठे कोरलेली नाहीत. बांध तेवढे आहेत.

आणि बांध हेच मला कोकणातल्या गावाचं सर्वांत मोठं स्मारक वाटतं. रत्नागिरीत पाऊस वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे, तोही बहुतेक जून ते सप्टेंबरात. जांभ्याच्या सड्यावरून सुटलेलं पाणी माती घेऊनच खाली येतं. म्हणून उताराच्या पायऱ्या केल्या, प्रत्येक पायरीला बांध घातला. वरच्या खाचरातलं पाणी बांधाच्या ठरलेल्या तोंडातून खालच्यात, तिथून त्याच्या खालच्यात, असं करत पऱ्ह्याला मिळतं. वरचा बांध फुटला तर त्याचे दगडगोटे खालच्याच्या लावणीवर येतात. त्यामुळे एका घराने शेती सोडली की हळूहळू सगळा उतार खचायला लागतो.

आमच्या वाडीत नेमकं तेच झालं. माणसं आधी गिरणीत गेली, मग त्यांची मुलं मुंबईतच वाढली. सातबाऱ्यावर इतकी नावं चढली की कुणाला विचारायचं हेच कळेना. राहिलेल्यांना डुकरं आणि वानरांनी पीक घेऊ दिलं नाही.

आबांनी बांध घालायला शिकवला तो हाताला धरून. मोठा दगड तळाला. लांबट दगडाची लांबी बांधाच्या आत जायला हवी, बाहेर फक्त तोंड दिसावं. सांध्यावर सांधा येता कामा नये. फटींत चिपा ठोकायच्या. बांध किंचित मागे, डोंगराकडे रेलता ठेवायचा. सिमेंट लावूया का, असं मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, “पाण्याला वाट नको? कोंडलंस तर ढकलील.” पाऊस लागल्यावर ते सकाळी बांधावरून फेरी मारायचे, खेकड्यांची बिळं हुडकायचे आणि चिखल-गवताचा बोळा घालून बुजवायचे. एवढंसं बीळ रात्रीत बांध पाडतं.

बियाणं मी शिरगावच्या संशोधन केंद्रातून निघालेल्या सुधारित वाणाचं घेतलं. जुनं गाव राखायचं म्हणजे भातही जुनंच पेरायला हवं, असं मला वाटत नाही. एका कोपऱ्याची डुकरांनी नासाडी केली, बाकी पीक हाती आलं. वरची खाचरं अजून पडीकच आहेत.

हे दुखणं एकट्या कोकणाचं नाही. फिलिपाईन्समधल्या कॉर्डिलेरा डोंगरांतली भातखाचरं युनेस्कोने १९९५ साली जागतिक वारशात घेतली आणि २००१ मध्ये तीच धोक्यातल्या वारशाच्या यादीत टाकावी लागली. तरुण गाव सोडून गेले होते, बांध आणि पाण्याच्या वाटा बघायला माणसं पुरत नव्हती. दुरुस्त्या झाल्या, तेव्हा २०१२ मध्ये ती खाचरं त्या यादीतून बाहेर आली. घर राखता येतं. मालगुंडला कवी केशवसुतांचं जन्मघर किती आस्थेने राखलं आहे. खाचराला मात्र दरवर्षी पीकच लागतं.

म्हणून मे महिन्यात गावी येणाऱ्या चाकरमान्यांना माझी विनंती आहे. मुलांना ‘प्राचीन कोकण’ जरूर दाखवा. मग एक दिवस त्यांना आपल्या पडीक खाचरात न्या, बांध घालता येणारं म्हातारं माणूस वाडीत असेल तर त्यांना मान देऊन बोलवा, आणि पडलेला एक तरी बांध त्यांच्या देखरेखीखाली स्वतः उभा करा. जूनचा पाऊस लागला की ते काम करता येत नाही.