पदर आणि प्रार्थना

मराठवाड्यातील जालना जिल्हा 1977 साली स्थापन झालेल्या औरंगाबाद कॅथलिक धर्मप्रांतात येतो. या भागातील ख्रिस्ती स्त्रियांच्या शालीन पेहरावाचा विचार साडीपासूनच सुरू करावा लागतो. मिस्सेच्या, म्हणजे कॅथलिक उपासनाविधीच्या, वेळी डोक्यावर पदर घेण्याची रीत गावातील वडीलधाऱ्यांसमोर पदर घेण्याच्या जुन्या वळणाशी सहज जुळली.

चर्चमध्ये स्त्रियांनी मस्तक झाकावे, या प्रथेला संत पौलाच्या करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचा आधार आहे. कॅथलिक चर्चच्या 1917 च्या धर्मसंहितेने मस्तक झाकणे आणि शालीन वेश यांचा स्पष्ट नियम केला. 1983 च्या संहितेत तो राहिला नाही. पारंपरिक लॅटिन मिस्सेला जाणाऱ्या अनेक स्त्रिया मात्र जाळीदार ओढणी आजही स्वेच्छेने घेतात. त्यांच्यात कोपरापर्यंत बाही, गुडघ्याखाली घेर आणि झाकलेला गळा हा अनेकदा दंडक समजला जातो.

साडीत पोट व पाठ काही प्रमाणात उघडी राहते, तरी येथे ती पूर्ण मर्यादशील मानली जाते. यावरून दिसते, की शालीनतेची मोजमापे स्थळकाळानुसार बदलतात. देवासमोरचा आदर आणि स्वतःच्या देहाची प्रतिष्ठा ही शालीनतेची खरी गाभ्याची मूल्ये आहेत. ती सक्तीने रुजत नाहीत, श्रद्धेने रुजतात. आणि पुरुषांनाही तितकीच लागू होतात.