तुफान आणि हद्द

उर्दू आणि मराठी दोन्ही भाषा शिकवताना काही शब्द सारखे पायात येतात. 'तुफान' त्यातलाच एक. मराठीत तुफान म्हटले की वारा सुटतो, पत्रे उडतात, जत्रेला तुफान गर्दी होते. अरबीत मात्र 'तूफान' म्हणजे पाणी, सगळे बुडवणारा पूर. हजरत नूह यांच्या कौमवर आला तो हा तूफान. उर्दू या दोघींच्या मध्ये उभी. तिला वाराही चालतो आणि पूरही. दुसरा शब्द 'हद्द'. हद्दीचा दगड, हद्दपार, पोलीस ठाण्याची हद्द, इतका तो मराठीत मुरला आहे की मूळ अरबी आहे म्हटले तर वर्गात कोणाला पटत नाही.

हे दोन शब्द माझ्यापुरते एकत्र आले ते एका अमेरिकन भूशास्त्रज्ञामुळे, आणि त्याला निमित्त झाला एक व्हिडिओ. पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तो फिरत होता: अमेरिकेत महापुराचे पुरावे सापडले, विज्ञानाने नूहचा तूफान सिद्ध केला. खाली 'सुबहानल्लाह'ची रांग. नववीतल्या एका मुलीने दुसऱ्या दिवशी विचारले, "टीचर, खरे आहे का हे?" पूर खरा होता. बाकीचे सांगायला मला दोन तास लागले, आणि त्यातला एक तास व्याकरणाचा होता.

जे हार्लेन ब्रेट्झ यांचा जन्म १८८२चा, मिशिगन राज्यातला. भूशास्त्राकडे वळण्यापूर्वी ते सिॲटलच्या शाळेत जीवशास्त्र शिकवत. (शाळामास्तरांपैकी कोणी पुढे गेले की मला उगीच बरे वाटते.) १९१३ साली शिकागो विद्यापीठातून डॉक्टरेट घेतली, तिथेच शिकवू लागले, आणि १९२०च्या दशकात उन्हाळ्यामागून उन्हाळे वॉशिंग्टन राज्याच्या पूर्व भागात पायी हिंडले. तिथला खडक आपल्या ओळखीचा आहे. काळा बेसॉल्ट, लाव्हाचे थरावर थर, सह्याद्रीसारखाच. आपला सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा, त्यांचा बराच तरुण, दीड-पावणेदोन कोटींचा. पण त्या खडकावर जे कोरलेले दिसत होते त्याचा मेळ लागत नव्हता. प्रचंड दऱ्या, आणि आत नदी नाही. एक कोरडा धबधबा, सुमारे १२० मीटर उंच आणि साडेपाच किलोमीटर रुंद, त्यावरून पाण्याचा थेंब पडत नाही. बेसॉल्टच्या मुलखात दुरून आलेले ग्रॅनाइटचे धोंडे. ब्रेट्झ यांनी १९२३ पासून लिहायला सुरुवात केली: हे काम एका अतिप्रचंड पुराचे आहे, आणि ते फार थोड्या काळात झाले.

त्यांच्यावर लोक तुटून पडले. १२ जानेवारी १९२७ रोजी राजधानी वॉशिंग्टनमध्ये त्यांना व्याख्यानाला बोलावले आणि नंतर एकामागून एक मान्यवर त्यांना खोडायला उभे राहिले. त्यातल्या बहुतेकांनी ती जागा नीट पाहिलेलीही नव्हती. त्यांच्या हट्टामागे मात्र एक कारण होते, आणि ते आपण, धर्म मानणाऱ्यांनी, समजून घ्यायला हवे. युरोपात एके काळी डोंगरावर शिंपला सापडला तरी उत्तर ठरलेले असे, नूहचा पूर. ऑक्सफर्डच्या विल्यम बकलंड यांनी १८२३ साली त्या पुराच्या खुणांवर ग्रंथ लिहिला आणि पुढे स्वतःच ते मत सोडले. हटन आणि लायेल यांनी शिकवले की नदी कणाकणाने दरी कोरते, काळ हवा तेवढा आहे. या शिकवणीमुळेच भूशास्त्र धर्मग्रंथाच्या पदराखालून बाहेर आले. शंभर वर्षांनी कोणी पुन्हा 'महापूर' म्हणताच त्यांना वाटले, दारातून घालवलेला पाहुणा खिडकीतून आला. ब्रेट्झ यांनी नूहचे नावही घेतले नव्हते. ते दगड दाखवत होते.

एका प्रश्नावर मात्र ते अडत: एवढे पाणी आले कुठून? गंमत अशी की उत्तर ठाऊक असलेला माणूस त्याच सभेत बसला होता. जोसेफ पार्डी यांनी १९१० सालीच मोंटानातल्या एका नाहीशा झालेल्या हिमयुगीन सरोवरावर लिहिले होते, मिसूला सरोवर. त्या दिवशी ते गप्प राहिले. पुढे १९४०च्या सुमारास त्यांनी त्या सरोवराच्या तळावरच्या वाळूरेषा दाखवल्या. ओढ्याच्या वाळूत बोटभर उंच असतात तशाच, पण दोन-तीन मजली घराएवढ्या. हिमनदीच्या जिभेने क्लार्क फोर्क नदी अडवली होती. मागे दोन हजार घन किलोमीटरहून जास्त पाणी साठले, म्हणजे कोयनेसारखी सातशे धरणे एका जागी. बर्फाचा बांध फुटला आणि सरोवर काही दिवसांत रिकामे झाले.

व्हिडिओवाल्यांनी पुढचे सांगितले नाही. बर्फ पुन्हा सरकला, पुन्हा बांध झाला, पुन्हा फुटला. वॉला वॉला खोऱ्यात रिचर्ड वेट यांनी पुराच्या गाळाचे सुमारे चाळीस थर मोजले. त्यातल्या दोन थरांच्या मध्ये सेंट हेलेन्स ज्वालामुखीची राख शांतपणे बसलेली आहे, कारण दोन पुरांमध्ये जमीन वर्षानुवर्षे कोरडी होती. म्हणजे साधारण अठरा ते पंधरा हजार वर्षांपूर्वी एका खोऱ्यात डझनावारी पूर आले. ब्रेट्झ यांना १९७९ साली, नव्वदी केव्हाच ओलांडल्यावर, अमेरिकेतला या शास्त्राचा सर्वोच्च मान, पेनरोज पदक मिळाले. तेव्हा ते म्हणाल्याचे सांगतात की माझे विरोधक सगळे गेले, आता मिरवू कोणापुढे?

हे वर्गात सांगितल्याचे एका पालकांना रुचले नाही. "टीचर, तुम्ही उर्दू शिकवा, दगड कशाला? पोरांचा ईमान डळमळतो." मी म्हटले, भाईसाहब, ईमान चाळीस थरांच्या गाळावर उभा केला तर डळमळणारच, तो तिथे ठेवला कोणी? हजार वर्षांपूर्वी अल-बिरूनी हिंदुस्थानात आले. डोंगराजवळचे गोटे मोठे, पुढे लहान, आणि समुद्राजवळ वाळू, हे पाहून त्यांनी लिहिले की हे मैदान कधी काळी समुद्र असावा, नद्यांच्या गाळाने भरला. कुरआन त्यांना आपल्यापेक्षा कमी येत होता असे कोणी म्हणणार नाही. गोट्यांचे उत्तर त्यांनी गोट्यांनाच विचारले. भाईसाहब पटले नाहीत, पण मुलीचे नाव शाळेतून काढले नाही, हेही खूप.

आता हद्दीचे. भूशास्त्रज्ञ काळालाही हद्दीचे दगड रोवतात. आपण ज्या होलोसीन काळात आहोत त्याची सुरुवात ग्रीनलंडच्या बर्फात १४९२.४५ मीटर खोलीवर ठरली आहे, सन २०००च्या ११,७०० वर्षे आधीची. २०१८ साली या काळाचे तीन भाग केले. मधला भाग ८,२३६ वर्षांपूर्वी सुरू होतो, आणि त्या हद्दीवर काय आहे? पूरच. कॅनडात हिमयुगाच्या उरल्यासुरल्या बर्फाने अडवलेले ॲगसी सरोवर फुटले, गोडे पाणी हडसन उपसागरातून अटलांटिकमध्ये गेले, समुद्राचे उष्ण प्रवाह मंदावले आणि गारठा पसरला. तो गारठा ग्रीनलंडच्या बर्फात नोंदला गेला. तूफानाने हद्द आखली, हे वाक्य मी फळ्यावर लिहिले तेव्हा मुलांपेक्षा मलाच जास्त आनंद झाला.

तिसरा भाग, म्हणजे आजचा, ४,२५० वर्षांपूर्वी सुरू होतो. त्याची खूण मेघालयातल्या मावम्लुह गुहेतल्या एका चुनखडीच्या स्तंभात आहे, पाऊसमान क्षीण झाल्याची. म्हणून या काळाचे नाव मेघालयन. साऱ्या जगाच्या आजच्या काळाला आपल्या देशातल्या राज्याचे नाव, यावर वर्गात टाळ्या पडल्या. या विभागणीवर शास्त्रज्ञांत वाद झाले. मतदान होते, ठराव होतो. मागच्या बाकावरून प्रश्न आला, मतदानाने ठरते तर खरे कसे? मी शेताचे उदाहरण दिले. हद्दीचा दगड माणसे रोवतात, भांडून रोवतात. बांधापाशी माती बदलते ती मात्र कोणी रोवलेली नसते.

उर्दूत मी त्याला 'अहद-ए-मेघालय' केले आहे. बरे शब्द सुचवा. मुलांनी विचारले, हा अहद संपणार कधी? माणसाने पृथ्वी इतकी बदलली की 'मानवयुग' सुरू झाले असे जाहीर करावे, हा प्रस्ताव २०२४ साली मतदानात पडला. तेव्हा सध्या तरी आपण मेघालयनमध्येच आहोत.