थायरॉइडच्या दोन गोळ्या : एका बदलाची नोंद

अवटू ग्रंथी, म्हणजे मानेच्या पुढच्या भागात श्वासनलिकेला बिलगून असलेली आणि घराघरांत थायरॉइड याच नावाने ओळखली जाणारी ग्रंथी, पुरेसे संप्रेरक निर्माण करीनाशी झाली की ते बाहेरून पुरवण्याचे दोन मार्ग आहेत. जुना मार्ग डुकराची ग्रंथी वाळवून, तिची भुकटी करून गोळ्या पाडण्याचा आहे, तर नवा मार्ग प्रयोगशाळेत घडवलेल्या लिव्होथायरॉक्सिन या एकाच द्रव्याचा. मुंबईतील बहुसंख्य रुग्णांचा जुन्या मार्गाशी कधी संबंधच येत नाही, कारण येथील केमिस्टकडे मिळणारी गोळ्यांची बाटली लिव्होथायरॉक्सिनचीच असते. परंतु ज्या घरांतील मुले अमेरिकेत स्थायिक झाली आहेत, त्या घरांत दुसरी बाटलीही अधूनमधून येऊन पोहोचते. प्रस्तुत लेखिका न्यू जर्सीत मुलीकडे दीर्घ मुक्कामास असताना तेथील डॉक्टरांनी तिचे नेहमीचे औषध बंद करून हे प्राणिज औषध सुरू केले, आणि गिरगावात परतल्यावर पुरवठ्याअभावी ते पुन्हा बदलावे लागले. या दुहेरी बदलाची ही नोंद आहे.

या उपचाराचा प्रारंभ १८९१ मध्ये न्यूकॅसल येथे झाला. जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या ग्रंथीचा अर्क एका रुग्ण स्त्रीला टोचला, आणि ती त्यानंतर १९१९ पर्यंत जगली, ही गोष्ट आजही थक्क करणारी आहे. पुढच्याच वर्षी ही ग्रंथी तोंडावाटे दिली तरी गुण येतो असे दिसून आले. एडवर्ड केंडॉल यांनी १९१४ च्या नाताळच्या दिवशी ग्रंथीतील थायरॉक्सिन वेगळे केले, चार्ल्स हॅरिंग्टन आणि जॉर्ज बार्जर यांनी १९२७ मध्ये ते प्रयोगशाळेत घडवले, आणि १९५२ मध्ये जॅक ग्रॉस व रोझालिंड पिट-रिव्हर्स यांनी टी-थ्री हे दुसरे संप्रेरक शोधून काढले. थायरॉक्सिनच्या रेणूत आयोडीनचे चार अणू असल्याने त्याला टी-फोर म्हणतात. त्यातील एक अणू गळाला की टी-थ्री उरते, आणि पेशींवर प्रत्यक्ष काम मुख्यतः तेच करते. टी-फोरचे टी-थ्रीमध्ये रूपांतर शरीर स्वतःच करते हे १९७० मध्ये ब्रेव्हरमन, इंगबार आणि स्टर्लिंग यांनी दाखवून दिल्यावर केवळ टी-फोर, म्हणजेच लिव्होथायरॉक्सिन, देण्यास भक्कम आधार मिळाला.

डुकराच्या ग्रंथीच्या गोळीत मात्र दोन्ही संप्रेरके तयारच असतात. एक ग्रेन, म्हणजे सुमारे ६० मिलिग्रॅमच्या गोळीत टी-फोर ३८ मायक्रोग्रॅम आणि टी-थ्री ९ मायक्रोग्रॅम असते. हे प्रमाण साधारण चारास एक पडते, तर मानवी ग्रंथीतून ते चौदास एकच्या आसपास स्रवते. नैसर्गिक या विशेषणाने जो विश्वास वाटतो तो या आकड्यांपुढे टिकत नाही, कारण जे नैसर्गिक आहे ते डुकराच्या दृष्टीने.

तरीही अनुभव नाकारण्याचे कारण नाही. फिकट तपकिरी रंगाची, किंचित उग्र वासाची ती गोळी सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत लेखिकेचा हातापायांचा गारठा कमी झाला, बद्धकोष्ठ सुटले आणि दुपारची झापड गेली. परतल्यानंतर मात्र सकाळच्या गोळीनंतर दोन-तीन तासांनी, नेमक्या भाजी घेऊन चाळीचा लाकडी जिना चढण्याच्या वेळी, छातीत धडधड होऊन तिसऱ्या मजल्याच्या कठड्याला धरून उभे राहावे लागे. याचे कारण टी-थ्रीच्या स्वभावात आहे. ते पोटातून झपाट्याने शोषले जाते, रक्तात दोन ते चार तासांत शिगेला पोहोचते आणि त्याचा निम्मा साठा सुमारे एका दिवसात संपतो, उलट टी-फोरचा निम्मा साठा संपण्यास आठवडा लागतो. गारठा घालवणारे आणि धडधड लावणारे द्रव्य बहुधा एकच होते. रक्ताच्या अहवालात टी-फोर उतरलेले दिसले आणि टीएसएचही तळाला गेलेले दिसले. टीएसएच म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीचे, अवटूला कामाला लावणारे संप्रेरक, जे शरीरात थायरॉइड संप्रेरक जास्त झाले की घटते. केवळ टी-फोरचा आकडा पाहून कोणी डोस वाढवला असता, तर ते उफराटे ठरले असते.

बरोबर आणलेला साठा गणपतीपर्यंत पुरला. तेवढ्यात दादरच्या एका परिचितांनी होमिओपॅथीतील थायरॉइडिनम सुचवले, जे मेंढीच्या वाळवलेल्या ग्रंथीपासूनच केले जाते. परंतु त्याच्या ३एक्स शक्तीत मूळ द्रव्य हजारात एक भाग असते, म्हणजे एका ग्रेनइतकी ग्रंथी पोटात जाण्यासाठी एक ग्रेन वजनाच्या हजार गोळ्या खाव्या लागतील. पर्याय म्हणून हा विचार तेथेच संपतो.

थायरॉइडच्या उपचारांबाबत परळ हा भाग्यवान परिसर आहे. केईएम रुग्णालयात अंतःस्रावशास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे, आणि टाटा रुग्णालयालगत १९६३ पासून चालणाऱ्या भाभा अणुसंशोधन केंद्राच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये थायरॉइडच्या असंख्य रुग्णांवर उपचार झाले आहेत. परळमधील ज्या तज्ज्ञांनी लेखिकेला पुन्हा लिव्होथायरॉक्सिनवर आणले, त्यांनी ग्रेनचे मायक्रोग्रॅममध्ये रूपांतर करणारी कोष्टके ढोबळ असल्याचे सांगून वजन, वय आणि हृदयाची अवस्था यांवरून डोस ठरवला. त्यानंतरचे पहिले काही आठवडे कंटाळवाणे गेले, कारण टी-थ्रीचा आधार लगेच सुटतो आणि टी-फोरची पातळी स्थिर होण्यास पाच-सहा आठवडे लागतात; या मधल्या पोकळीलाच लोक कृत्रिम औषध मानवत नसल्याचा पुरावा समजतात. गिरगावी दिनक्रमात खरा जाच वेगळाच होता, तो म्हणजे गोळीनंतर निदान अर्धा तास चहा न घेण्याचा. दुधातील कॅल्शियम या औषधाचे शोषण कमी करते, आणि कॅल्शियमच्या किंवा लोहाच्या गोळ्या तर चार तास दूर ठेवाव्या लागतात.

अमेरिकेतील वॉल्टर रीड या लष्करी रुग्णालयात झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ७० रुग्णांना दोन्ही औषधे आळीपाळीने, कोणते कोणते हे न सांगता दिली गेली. लक्षणांत व स्मरणशक्तीत लक्षणीय फरक आढळला नाही, वजन मात्र प्राणिज औषधावर थोडे उतरले, आणि ३४ जणांनी प्राणिज, १३ जणांनी कृत्रिम औषध पसंत केले, तर उरलेल्यांना फरक वाटला नाही. लेखिकेचा कल विचारल्यास न्यू जर्सीतील ती उबदार सकाळ तिला अजूनही हवीशी वाटते. तथापि ज्या शहरात ती गोळी नियमितपणे मिळत नाही तेथे तिच्यावर विसंबणे शहाणपणाचे नाही, आणि साठी ओलांडलेल्या हृदयाला टी-थ्रीचे रोजचे चढउतार सोसवतीलच असेही नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ही प्राणिज औषधे मान्यताप्राप्त नसल्याचे उत्पादकांना कळवले आहे, त्यामुळे तिकडून येणाऱ्या बाटल्यांचाही भरवसा राहिलेला नाही. ज्यांच्या कपाटात अशी बाटली असेल त्यांनी ती संपण्याची वाट न पाहता लेबलसह डॉक्टरांना दाखवावी, आणि रक्त तपासायला देताना त्या दिवशीची गोळी रक्त दिल्यानंतरच घ्यावी.